मज्जारज्जूतले दोन रस्ते: स्पर्शाचा आणि चटक्याचा

मे महिन्यात नागपूरच्या बर्डीवर भर उन्हात गाडी लावलेली. न बघता खिशातल्या चिल्लरीतून तुम्ही किल्ली नेमकी ओळखता, ते डॉर्सल कॉलममुळे, म्हणजे मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जाणाऱ्या तंतूंच्या गठ्ठ्यामुळे. तापलेल्या सीटवर बसताच 'आई गं' होतं, ते स्पायनोथॅलॅमिक मार्गामुळे, म्हणजे मज्जारज्जूतून मेंदूतल्या थॅलॅमसकडे जाणाऱ्या दुसऱ्या रस्त्यामुळे.

पहिल्यावरून सूक्ष्म स्पर्श, कंपन आणि सांध्यांची स्थिती जाते. तंतू जाड, मायलिनचं वेष्टण असलेले. वेग सेकंदाला ३५ ते ७५ मीटर. दुसऱ्यावरून वेदना आणि तापमान. त्यातले सर्वांत बारीक तंतू सेकंदाला ०.५ ते २ मीटरच गाठतात, म्हणून चटक्यामागची जळजळ उशिरा येते.

खरी गंमत बाजू बदलण्यात आहे. डॉर्सल कॉलम त्याच बाजूने थेट लंबमज्जेपर्यंत (मेंदूचा सर्वांत खालचा भाग) चढतो आणि मग पलीकडे जातो. वेदनेचा मार्ग मज्जारज्जूतच, एक-दोन खंडांत, बाजू ओलांडतो. त्यामुळे पाठीत मज्जारज्जूची डावी अर्धी बाजू तुटली, तर डाव्या पायाला कंपन कळत नाही आणि उजव्याला चटका! हा ब्राउन-सेकार्ड सिंड्रोम. मेडिकलच्या पोरांनी तो पाठ करू नये, चित्र काढावं.

पुढे दोघेही थॅलॅमसमध्येच, मेंदूतल्या संवेदनांच्या जंक्शनवर, पोचतात. जीवनसत्त्व बी-१२ कमी पडलं की डॉर्सल कॉलमला फटका बसतो, डोळे मिटताच तोल जातो. कंपन कळतं का हे बघायला डॉक्टर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) घोट्याला टेकवतात.