ईएसआय की ग्रुप मेडिक्लेम?

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या आपल्या कारखानदार मंडळींनो, सगळ्यांची मेडिक्लेम काढली म्हणून ईएसआय, म्हणजे सरकारचा कर्मचारी राज्य विमा, टळत नाही. दहा माणसं झाली, की महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी ते बंधनकारकच. 18,000 पगारावर मालकाचे 3.25 टक्के, म्हणजे 585 रुपये, कामगाराचे 135. बदल्यात नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयात उपचार, शिवाय पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी. हातावर पोट असलेल्या घराला हाच खरा आधार, आणि मेडिक्लेममध्ये तो नसतो.

मेडिक्लेममध्ये खाजगी दवाखाना निवडता येतो, पण खर्च विम्याच्या रकमेपुरताच. 21,000 च्या वरचे सुपरवायझर, अकाउंटंट यांच्यासाठी ती जरूर काढा; कामगारांचं ईएसआय आधी भरा.