केअर होमने तीन महिन्यांची आगाऊ फी घेतली आणि दार बंद केलं

इंग्लंडमध्ये ज्यांचं माणूस स्वखर्चाने ('सेल्फ-फंडर' म्हणून) केअर होममध्ये आहे, त्यांनी हे जरूर वाचा.

माझी मावशी मिडलंड्समधल्या एका छोट्या होममध्ये होती. मॅनेजरबाईंनी मावसभावाला फोन केला, "तीन महिन्यांची फी एकदम भरलीत तर सूट देऊ." त्याने भरली. काही आठवड्यांतच पत्र आलं: होम बंद होतंय, शुक्रवारपर्यंत खोली रिकामी करा. काउन्सिलला (स्थानिक प्रशासनाला) विचारू का म्हटल्यावर उत्तर मिळालं, "तुम्ही सेल्फ-फंडर, काउन्सिलचा तुमच्याशी संबंध नाही."

हे धडधडीत खोटं होतं. केअर अ‍ॅक्ट २०१४ च्या कलम ४८ प्रमाणे धंदा बुडून सेवा थांबली, तर माणसाची तात्पुरती सोय करणं काउन्सिलवर बंधनकारक आहे, मग पैसे कोणीही भरत असो. २०११ मध्ये सदर्न क्रॉस ही केअर होम्स चालवणारी बडी कंपनी कोसळली आणि सुमारे ३१,००० रहिवासी टांगणीला लागले, त्यानंतर हा कायदा आला. सीक्यूसी (केअर होम्सवर देखरेख करणारी सरकारी संस्था) तेव्हापासून कंपन्यांच्या आर्थिक स्थितीवर नजर ठेवते, पण ज्यांना पर्याय मिळणं अवघड अशा बड्या कंपन्यांवरच. मावशीच्या होमसारखी छोटी होम्स त्या यादीत नसतात.

शेवटच्या दिवशी मावशीचे कपडे काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत भरून कॉरिडॉरमध्ये ठेवले होते. ८४ वर्षांच्या बाईचे! भावापुढे फॉर्म सरकवला, त्यात 'कुटुंबाच्या इच्छेने स्थलांतर' या चौकटीत आधीच खूण केलेली. त्यावर सही म्हणजे आपणच सोडून गेलो, मग नोटीस पिरियडचे पैसेही होमचेच. भावाने ती खूण खोडली, "होम बंद होत असल्यामुळे" असं स्वतःच्या हाताने लिहिलं, फोटो काढला आणि मगच सही केली. काउन्सिलच्या सोशल वर्करने दुसरी जागा मिळवून दिली, ती भली बाई.

पैसे मात्र अडकले. बुडालेल्या कंपनीवर प्रशासक नेमला गेलाय, आणि आधी तारण असलेल्या बँका, आम्ही बिनतारणी घेणेकऱ्यांच्या रांगेत. मला सर्वात जास्त चीड याची येते, की आगाऊ फी मागितली तेव्हा त्या कंपनीचे वार्षिक हिशोब सरकारकडे सादर करणं आधीच थकलेलं होतं. त्यांना ठाऊक होतं.

अशी सूट तुम्हाला कोणी देऊ केली, तर पैसे भरण्याआधी कंपनीज हाउसच्या (कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) साइटवर कंपनीचं नाव टाकून बघा. फुकट आहे. हिशोब थकले असतील तर तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, मालमत्तेवर कर्जाचा बोजा असेल तोही दिसतो.