कायोटीपासून मेंढरं राखायची तर कुत्रा, गाढव, लामा की विजेची जाळी?

अमेरिकेत चार-पाच एकर रान घेऊन वीस-पंचवीस शेळ्या-मेंढ्या पाळायच्या, तर कायोटीचा विचार आधी करावा लागतो. आपल्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान, वजन साधारण 9 ते 20 किलो. हवाई सोडलं तर एकही राज्य त्याच्यापासून सुटलेलं नाही.

जनावर मेलेलं सापडलं की खर्चाला लागण्याआधी ते कोणी मारलं ते बघा. कायोटी सहसा जबड्यामागे, गळ्याला धरतो. गळ्याची कातडी सोला. खाली रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणीचा. काहीच नसेल तर मेंढी आधीच मेलेली होती आणि कायोटी नुसता जेवायला आला होता. मागचे पाय, कुशी, कान कसेही फाडलेले, चार-पाच जनावरं जखमी आणि खाल्लेलं जवळपास काही नाही, असं दिसलं तर बहुधा आसपासची पाळीव कुत्री. हा फरक निवडीत कामाला येतो, कारण एकट्या कायोटीला हुसकावणारा लामा (उंटाच्या कुळातला, लोकरीचा दक्षिण अमेरिकी प्राणी) कुत्र्यांच्या टोळीपुढे स्वतःच मरतो.

विजेची जाळी म्हणजे धनगरांची वाघरच, फक्त करंट सोडलेली. 50 मीटरचे चार गुंडे लावले की सुमारे 25 गुंठे घेरले जातात. त्याच दिवशी काम सुरू, आणि शेजाऱ्याला आवाजाचा त्रास नाही. मात्र जाळीच्या दूरच्या टोकाला मीटर लावून 4,000 व्होल्टच्या वर दिसायला हवेत. खालच्या तारांना ओलं गवत टेकलं की करंट जमिनीत जातो. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंगच लागत नाही. म्हणून जाळीखालचं गवत कापत राहणं आणि अर्थिंगच्या सळया खोल ठोकणं, यात हयगय नको. शिंगवाल्या शेळ्या जाळीत अडकून मरतात, हा सगळ्यात मोठा दोष.

राखणीचा कुत्रा (ग्रेट पिरेनीज, अनातोलियन, मारेम्मा) सगळ्यांत भरवशाचा, पण सगळ्यांत कष्टाचा. साधारण 8 आठवड्यांचं पिल्लू कळपाशेजारी ठेवायचं आणि दीड-दोन वर्षं त्याच्यावर नजर ठेवायची. वयात येताना ते खेळता खेळता कोकरू पळवून पळवून मारतं, आणि बरेच जण नेमके इथेच कंटाळून कुत्रा काढून टाकतात. मोठ्या रानात एक पुरत नाही, दोन लागतात. ते रात्रभर भुंकतात (तेच त्यांचं काम), आणि कुंपण ढिलं असेल तर दोन मैल लांबचं रानही आपलंच समजतात. घरं जवळजवळ असतील तर हा नाद सोडा.

गाढव स्वस्त पडतं. मोठ्या जातीची गाढवी किंवा खच्ची केलेला नर, तोही एकच. दोन आणली तर ती एकमेकांतच रमतात. खच्ची न केलेला नर नको, तो कोकरांना चावतो, तुडवतो. मेंढ्या विताना गाढवीलाही वेगळं बांधलेलं बरं. शेळ्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, ते गाढवाला विष आहे. पोत्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय दावणीत काही टाकू नका. तुमच्या घरच्या कुत्र्यालाही गाढव कायोटीच समजेल, हेही धरून चाला.

लामाला कळपाबरोबर चरायला सोडता येतं, वेगळा रतीब लागत नाही. तोही खच्ची आणि एकटाच हवा. पूर्वेकडे पांढऱ्या शेपटीची हरणं असतील तिथे त्यांच्यातला मेंदूचा जंत लामाला लुळा करतो, तेव्हा पशुवैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. उकाड्याच्या भागात लोकर कातरावी लागते.

कायोटीचे माणसावर हल्ले क्वचितच होतात. नोंदलेले मृत्यू दोन, 1981 मध्ये कॅलिफोर्नियात आणि 2009 मध्ये कॅनडात. लहान पाळीव कुत्र्याला धोका खरा आहे: संध्याकाळनंतर त्याला अंगणात एकटं सोडू नका, आखूड पट्ट्यावर फिरवा. कायोटी दिसला तर पाठ न फिरवता हात उंचावून ओरडा.

एक-दोन एकर आणि बिनशिंगी जनावरं असतील तर जाळी आणि रात्री बंद गोठा, एवढ्यावर भागतं. दहा एकरांच्या वर, शेजार लांब असेल तर दोन कुत्रे. मधल्यांसाठी गाढव. कायोटीची पिल्लं एप्रिल-मेमध्ये होतात आणि त्यांना भरवायच्या दिवसांत कोकरांवर धाड वाढते, म्हणून गाढव किंवा लामा त्याच्या चार-सहा आठवडे आधी आणून कळपाशेजारच्या कप्प्यात बांधा, ओळख पटली की सोडा.