प्रबंधासाठी अंगोला की मोझांबिक?

आफ्रिकेतली यादवी आणि परकी मध्यस्थी हा विषय एम.ए.च्या प्रबंधाला घेतला की गाडी बहुधा या दोन देशांपाशी येऊन थांबते. दोन्ही पोर्तुगालच्या वसाहती, दोन्ही 1975 मध्ये स्वतंत्र. दोन्हीकडे मग सरकार आणि बंडखोर यांच्यात वर्षानुवर्षं यादवी चालली.

वाचायला अंगोला जास्त रंगतदार, यात वाद नाही. सरकार आणि युनिटा ही बंडखोर संघटना यांच्यातल्या 1991 च्या बिसेस शांतता करारात मध्यस्थ पोर्तुगाल, निरीक्षक अमेरिका आणि सोव्हिएत संघ. एवढी बडी मंडळी असूनही देखरेखीला यूएनचे लष्करी निरीक्षक जेमतेम 350. दोन्ही फौजा पुरत्या मोडलेल्या नसतानाच सप्टेंबर 1992 मध्ये मतदान उरकलं. युनिटाचे नेते साविंबी मागे पडले, त्यांनी निकाल धुडकावला, युद्ध पुन्हा पेटलं.

माझं डोकं उठवलं ते पुढच्या भागाने. 1994 चा लुसाका शांतता करार घ्या, युनिटाला पैसा पुरवणाऱ्या हिऱ्यांवरचे निर्बंध घ्या, प्रत्येक धागा साविंबींपाशीच अडकतो. 22 फेब्रुवारी 2002 ला ते मारले गेले आणि 4 एप्रिलला शस्त्रसंधीवर सह्या. मग मध्यस्थीने नेमकं काय साधलं म्हणून लिहायचं? प्रकरण लिहायला बसलो की त्याचं साविंबी-चरित्र व्हायचं. शेवटी ती फाईल मिटली.

मोझांबिकची, म्हणजे सरकार आणि रेनामो ही बंडखोर संघटना यांच्यातली, बोलणी रोममध्ये, सांत एजिदियो या कॅथलिक संस्थेच्या पुढाकाराने. ना हाताशी फौज, ना तेलात हितसंबंध. दोन वर्षांहून जास्त घोळ चालला आणि 4 ऑक्टोबर 1992 ला करार झाला. अंगोलाचा धडा ताजा असल्याने यूएनने इथे सहा हजारांवर सैनिक उतरवले (त्यात भारतीय तुकडीही होती) आणि निवडणूक 1993 वरून 1994 वर ढकलली. रेनामोला बंडखोर संघटनेतून राजकीय पक्ष व्हायला देणगीदार देशांनी चक्क पैसे पुरवले. तरी मतदानाच्या तोंडावर रेनामोचे नेते धलाकामा यांनी बहिष्कार पुकारलाच. चहूकडून दबाव आला, ते परतले, मतदान एक दिवस वाढवलं. कोणी कुठली कळ दाबली हे इथे दिसतं, आणि प्रबंधाला तेच लागतं.

रेनामोकडे साविंबींसारखे हिरे नव्हते, म्हणून तिथे शांतता सोपी गेली, हा आक्षेप तोंडी परीक्षेत येणार, आणि तो रास्तच आहे. शिवाय 2013 मध्ये रेनामोने पुन्हा बंदुका काढल्या, 2019 मध्ये नवा करार करावा लागला. युद्धाचं अर्थकारण हाच तुमचा मुद्दा असेल तर अंगोलाच घ्या. मध्यस्थी असेल तर मी तरी मोझांबिककडे झुकेन; फक्त 2013 नंतरचं जादा प्रकरण धरून पानांचा हिशोब करा.