डॉक्टरांची इनोव्हा आणि पुसलेले दोन लाख किलोमीटर

जुनी इनोव्हा घ्यायला निघाला असाल तर विसार देण्याआधी एक काम करा. आरसीची झेरॉक्स आणि चेसिस नंबर घेऊन टोयोटाच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जा आणि त्या गाडीची सर्व्हिसिंगची नोंद मागा. मालकाची संमती लागते म्हणाले, तर विकणाऱ्याला ती मिळवून द्यायला सांगा. टाळाटाळ झाली की तिथूनच परत फिरा. आम्हाला सात लाख दहा हजारांना जी गाडी विकली, तिचा खरा इतिहास अशाच एका वर्कशॉपच्या कॉम्प्युटरमध्ये व्यवस्थित लिहून ठेवलेला होता.

आम्ही लातूर जिल्ह्यातले, औसा तालुक्यातले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घरची शेती मिस्टर आणि दीर बघतात. सासू-सासरे, जाऊबाई, आमची आणि त्यांची लेकरं असं सगळं एकत्र. सासूबाईंचे गुडघे गेलेले, सासऱ्यांना दर महिन्याला लातूरला दाखवावं लागतं. त्यामुळे सात-आठ माणसं बसतील अशी गाडी ही आमच्या घराची गरजच आहे. आधी तवेरा होती. तिने फार चांगली साथ दिली. पण ती बनवणाऱ्या जनरल मोटर्सने 2017 च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं बंद केलं आणि पुढे पुढे साध्या पार्टसाठीही पुण्याला फोन लावायची वेळ आली. म्हणून 2024 च्या दिवाळीत इनोव्हा घ्यायचं ठरलं. पैसा कसा उभा केला तेही सांगते, कारण फसवणूक होते तेव्हा नुसता आकडा जात नाही. निम्मे शिक्षक पतसंस्थेचं कर्ज आणि निम्मी सोयाबीनची पट्टी. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि लातूरच्या अडतीवर माल त्याच्या बराच खाली जात होता. तसा विकलेल्या मालाचा तो पैसा होता.

इनोव्हाच का, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. 2005 साली क्वालिसच्या जागी ही गाडी आली, तेव्हापासून ट्रॅव्हल्सवाल्यांनी तिच्यावर संसार उभे केले. 2.5 लिटरचं डिझेल इंजिन वेळेवर ऑइल, फिल्टर, कूलंट मिळालं तर तीन-चार लाख किलोमीटर सहज काढतं, हे खोटं नाही. पण फसवणारा नेमकं हेच खरं बोलून गिऱ्हाइकाला गार करतो. तो मॉडेलचं नाव विकतो. आपण मात्र एक विशिष्ट गाडी विकत घेत असतो, जिने कुणाच्या तरी हाताखाली काही वर्षं काढलेली असतात. ती वर्षं कशी गेली हे त्या नावावरून कधीच कळत नाही.

गाडी संभाजीनगरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात बघितली. 2014 चं मॉडेल, पुण्याचं पासिंग, पांढरी पाटी, पहिलाच मालक. मीटरवर 92 हजार. दुकानदार दिरांना म्हणाला, "भाऊ, डॉक्टरसाहेबांची गाडी आहे. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. डोळे झाकून न्या." सोबत सर्व्हिस बुक दाखवलं, त्यात ओळीने शिक्के. एम-परिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकून बघितला. मालक एकच, बोजा नाही, विमा चालू. दिरांनी जालना रोडवर गाडी पळवून बघितली. इंजिन शांत, गिअर मऊ, एसी गार. आमच्यासोबत आलेल्या ओळखीच्या ड्रायव्हरनेही पसंत केली.

यातला पहिला मालक खरा होता, पांढरी पाटी खरी होती, आरसी-विम्याचे कागद खरे होते. खोटा होता मीटरवरचा आकडा, आणि त्याला जुळतील असे करून घेतलेले शिक्के. म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे. कागद साफ निघाले की माणूस निश्चिंत होतो, आणि आरसीवर किलोमीटर कुठेच लिहिलेले नसतात.

पुढच्या उन्हाळ्यात संभाजीनगरहून लग्न उरकून परत येत होतो. बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढताना बोनेटमधून खट्ट असा आवाज झाला आणि इंजिन बंद. मागे उसाचा रिकामा ट्रक. दीर गाडी चालवत होते. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंगची मदत जाते, चाक वळवायला दोन्ही हातांचा जोर लागतो. ब्रेकचंही तसंच. एक-दोनदा दाबला की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि मग पाय सगळा रेटला तरी पेडल जेमतेम हलतं. दिरांनी गाडी कडेला घेऊन हँडब्रेक ओढला. मिस्टरांनी उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला. लेकरं, सासूबाई, सगळ्यांना रस्त्याच्या कठड्यापलीकडे उतरवून उभं केलं. चढावर झालं म्हणून निभावलं. हेच उतारावर झालं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही झोपू देत नाही.

गाडी टो करून बीडला एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी टायमिंग बेल्टचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. आतला पट्टा तुटलेला, दाते भुसा होऊन तळाशी पडलेले. या इंजिनाला टायमिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवायला, रबरी पट्टा असतो. 2016 ला आलेल्या नव्या इनोव्हा क्रिस्टाच्या डिझेलला चेन आहे, तिथे हा प्रश्न नाही. पट्टा साधारण दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो, आणि चालू इंजिनात तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. आमचे व्हॉल्व्ह वाकले होते, रॉकर तुटले होते.

मिस्त्रींनी कव्हर फडक्याने पुसलं, उलटं केलं आणि माझ्याकडे धरून विचारलं, "ताई, मीटर किती दाखवतंय?"

मी म्हटलं, "सत्त्याण्णव हजार."

"मग हे वाचा."

कव्हरच्या आतल्या बाजूला, तेलाच्या डागांमध्ये, पांढऱ्या मार्करने कुणीतरी लिहिलं होतं: 8/17, आणि खाली 1,51,200. ज्या कुणी 2017 च्या ऑगस्टमध्ये पट्टा बदलला, त्याने पुढच्या मिस्त्रीसाठी किलोमीटर टाकून ठेवले होते. दुकानदाराने इंजिन धुऊन चकचकीत केलं, पण कव्हर उघडून आत बघायचं त्याला सुचलं नसावं. त्या आकड्याचा फोटो मी तिथेच उभी राहून काढला.

मग मिस्त्रींनी गाडी वाचून दाखवली. ड्रायव्हरच्या सीटचं नवं कव्हर वर केलं, आत स्पंज एका बाजूला बसून गेलेला. ब्रेक-क्लचच्या पेडलचे रबर कोरे, पण रबर काढल्यावर खालच्या लोखंडाची कड घासून गुळगुळीत झालेली. स्टिअरिंगवर नवं चामडी कव्हर. आणि मला सगळ्यात पटलेली खूण म्हणजे मागचा डावा दरवाजा. तो उघडला की जरासा खाली बसत होता, उजवा मात्र ठणठणीत. भाड्याच्या गाडीत माणसं डाव्या दरवाजानेच चढतात-उतरतात, रोज, वर्षानुवर्षं. घरच्या गाडीचा एकच दरवाजा असा झिजत नाही.

लातूरला आल्यावर अधिकृत वर्कशॉपमध्ये आरसी दाखवून नोंद काढली. आता मालक आम्हीच होतो, त्यामुळे लगेच मिळाली. पट्टा बदलल्याची ऑगस्ट 2017 ची नोंद तिथे होती. शेवटची नोंद 2021 ची, किलोमीटर 2,64,310. पुढे गाडी बाहेरच्या गॅरेजांत गेली असणार. आरसीवरच्या पहिल्या मालकाचा नंबर विम्याच्या जुन्या कागदावर सापडला, त्यांना फोन केला. ते डॉक्टर नाहीत. हिंजवडीतल्या एका कंपनीला त्यांनी गाडी महिन्याच्या भाड्याने लावली होती. पांढऱ्या पाटीवर असा धंदा करणं मुळात बेकायदा, पण ते सर्रास चालतं. ते म्हणाले, "मी एजंटला दिली तेव्हा तीन लाखांच्या पुढे गेली होती." त्यांनी गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या करून दिल्या होत्या. मधल्या कुठल्या हातात मीटर मागे गेलं हे त्यांना ठाऊक नाही.

डिजिटल मीटर मागे करता येत नाही असा समज अजून बऱ्याच ठिकाणी आहे. किलोमीटरचा आकडा मीटरच्या आत एका लहानशा मेमरी चिपमध्ये साठवलेला असतो. पॅनल काढून, लॅपटॉपला वायर जोडून, तो हवा तसा लिहिता येतो. बाहेरून ओरखडाही दिसत नाही.

नुकसान किमतीतल्या फरकापुरतं असतं तर एक वेळ सोसलं असतं. मीटर खोटं झालं की गाडीची सगळी देखभाल खोट्या वेळापत्रकावर जाते. 97 हजार दिसत असताना दीड लाख किलोमीटरला बदलायचा पट्टा कुणी कशाला उघडेल? आमच्या गाडीचा तो पट्टा खरं तर आयुष्य संपवून बसला होता आणि त्याच्या भरवशावर आम्ही घाटात माणसं नेत होतो. मीटर मागे करणाऱ्याने आमच्या घरच्यांचा जीव टांगणीला लावला, असंच मी म्हणेन, आणि हे मी रागाने म्हणत नाही. हेडचं काम, व्हॉल्व्ह, नवा पट्टा, नोझल असं मिळून सव्वा लाख गेले, शिवाय क्लच अजून बाकी आहे.

दुकानात गेलो तेव्हा त्याच माणसाने आम्हाला पावतीची मागची बाजू दाखवली. बारीक अक्षरात छापलेलं: वाहन जसे आहे तसे, किलोमीटरची हमी नाही. पण डिलिव्हरी नोटवर त्यानेच स्वतःच्या हाताने 92,340 किमी लिहून सही-शिक्का मारला होता. आमच्या वकिलांच्या मते आमच्याकडे सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे. त्यामुळे गाडी कुणाकडूनही घ्या, किलोमीटरचा आकडा त्याच्या हस्ताक्षरात, तारखेसह लिहून घ्या. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, मीटरचा फोटो, काहीही पुसू नका.

दुकानदाराबद्दलही चौकशी करा. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि गाडी ताब्यात आली की तशी सूचना द्यावी लागते. आमच्या दुकानदाराकडे असं अधिकारपत्र आहे का, हे विचारल्यावर उत्तर मिळालं नाही. आणि आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याशी व्यवहाराआधी प्रत्यक्ष बोला. दोन मिनिटांच्या फोनमध्ये डॉक्टर आहेत की नाहीत ते कळतं. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी 90 हजार चालली म्हणतात आणि टायरचा तिसरा-चौथा सेट दिसतो, तर हिशेब विचारा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. धुराचे लोट फेकत असेल तर कॉम्प्रेशन गेलंय. आणि जुन्या इनोव्हात मीटर काहीही म्हणो, पट्टा बदलल्याचं बिल हातात नसेल तर घेतल्या आठवड्यात पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप नवे टाका.

आम्ही दुकानदाराला नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही. मग लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी संभाजीनगरला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, पाच ते दहा लाखांना 200 रुपये. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या अर्ज भरता येतो, 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला की माहितीही मिळते. मुदत दोन वर्षांची आहे. मात्र हा मार्ग धंदा करणाऱ्या विक्रेत्याविरुद्ध आहे. एखाद्या घरगुती माणसाने आपली एकुलती गाडी विकली असेल तर तिथे ग्राहक कायदा सहसा चालत नाही. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे जुन्या 420 खाली, वेगळा अर्जही दिला आहे.

आयोगापुढे आम्ही कव्हरचा फोटो, वर्कशॉपची नोंद, डिलिव्हरी नोट आणि बीडच्या मिस्त्रींचं लेखी म्हणणं जोडलं आहे. कव्हरसुद्धा जपून ठेवलं आहे, मिस्त्रींनी त्याच्या जागी दुसरं बसवून दिलं. संभाजीनगरहून अशी "डॉक्टरांची" इनोव्हा आणखी कुणी घेतली असेल तर आजच नोंद काढून बघा. आकडे जुळत नसतील तर आधी पट्टा तपासून घ्या, त्याशिवाय घरच्यांना घेऊन घाटात जाऊ नका, आणि मग तक्रारीला लागा.