गोळी झाडणारा की हुकूम देणारा?

परवा दादरला कट्ट्यावर यावरून चांगलीच जुंपली. युद्धात चुकून निरपराध मेले, तर दोषी कोण?

चाप ओढणारा, असं एक मत. ४ डिसेंबर २०२१ला नागालँडमधल्या ओटिंगजवळ पॅरा कमांडोंनी पिकअपवर गोळ्या झाडल्या. आत कोळसा खाणीतून घरी निघालेले मजूर होते. सहा जण गेले. गाडीत कोण आहे याची खातरजमा करणं सैनिकाचंच काम, हे मला मान्यच आहे.

पण वरच्यांचं काय? २९ ऑगस्ट २०२१ला काबूलमध्ये अमेरिकी ड्रोननं दहा नागरिक मारले, त्यात सात मुलं. गाडीवर जवळपास आठ तास पाळत होती, तरी पाण्याचे डबे स्फोटकं वाटले. शिक्षा कुणालाच नाही. क्षणात निर्णय घेणाऱ्या जवानापेक्षा कच्ची माहिती पुढे ढकलणारे आणि मंजुरी देणारे मला जास्त दोषी वाटतात. त्यांच्या हाताशी वेळ असतो.

म्हणून जवान सुटतो असं मात्र नाही. ओटिंगप्रकरणी तीस जणांवर आरोपपत्र होतं. पण अफस्पा, म्हणजे अशांत भागात लष्कराला विशेष अधिकार देणारा कायदा, त्याच्या कलम ६ प्रमाणे जवानांवर खटला भरायला केंद्राची मंजुरी लागते. ती नाकारली गेली आणि २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कारवाई थांबवली. इथे तर दोघांपैकी कुणालाच जाब द्यावा लागला नाही, आणि मला सर्वांत जास्त चीड त्याचीच येते.