गावच्या घरावर सोलर बसवताय? ‘वापर मोजणारा डबा’ उघडून बघा

आमचं घर गुहागर तालुक्यात. आई-बाबा तिथे, मी मुंबईत. छतावर ३ किलोवॉटचं सोलर बसवलं तेव्हा ‘मुंबईत बसून गावची वीज बघा’ असं सांगून ठेकेदाराने वापर मोजायच्या यंत्राचे वेगळे ९,५०० रुपये घेतले. कोकणात घरोघरची मुलं बाहेरगावी, त्यामुळे हे आमिष इथे लगेच लागू पडतं. म्हणून लिहितोय.

मोबाइलवर निर्मितीचा आकडा नीट यायचा. तो आकडा इन्व्हर्टर (सोलरची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) स्वतःच मोजतो आणि वायफायच्या डाँगलमधून पाठवतो. पण घरात किती वीज लागली हे त्याला आपोआप कळत नाही. त्यासाठी मीटरकडून येणाऱ्या मेनच्या फेज वायरीभोवती सीटीची (करंट मोजणारी) रिंग किंवा तिथे वेगळा मीटर लागतो. आमच्याकडे अंधार पडला की वापर शून्य. फ्रिज चालू, पंखे चालू, तरी शून्य! विचारलं तर ठेकेदार म्हणाला, “पावसाळा आहे, ढग आहेत.” अहो, ढगांनी निर्मिती घटते, फ्रिज वीज घ्यायचा थांबतो का?

शेवटी गावातल्या वायरमनने वापर मोजायची म्हणून बसवलेली पांढरी पेटी उघडली. आत एक हिरवा दिवा आणि तो पेटवायला दोन वायरी. बाकी काही नाही. बाबांना तोच दिवा दाखवून ‘यंत्र चालू आहे’ सांगितलं होतं, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

तक्रार केली तर अ‍ॅपच बंद झालं, कारण खातं त्याच्याच ईमेलवर होतं. इन्व्हर्टरचा सीरियल नंबर आणि बिल दाखवून कंपनीकडून ते आमच्या नावावर करून घेतलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. आणि केंद्राच्या सूर्यघर योजनेचे अनुदानाचे ७८,००० खात्यात आले म्हणजे सगळं तपासून झालं, असं धरू नका. असल्या जादा डब्याचा अनुदानाशी संबंध नाही.

खरा वापर कागदावरही निघतो. वीज कंपनीच्या नेट मीटरवर इम्पोर्ट (आत आलेली) आणि एक्स्पोर्ट (बाहेर गेलेली) असे दोन आकडे फिरत असतात. समजा महिन्यात अ‍ॅपवर निर्मिती ३१० युनिट, बाहेर गेली १९०, आत आली १४०. म्हणजे घराचा वापर ३१० − १९० + १४० = २६०. अ‍ॅपचा आकडा याच्या आसपास नसेल तर गडबड आहे. रिंगमधून फक्त फेजची वायर जायला हवी. न्यूट्रलही सोबत घातली तर करंट शून्य दिसतो. रिंगेवरचा बाण उलटा बसला तर आत येणारी वीज बाहेर गेल्यासारखी दिसते. थ्री फेज असेल तर तिन्ही वायरींना रिंग हवी.

शेवटचा हप्ता द्यायच्या आधी, ठेकेदार समोर असताना, रात्री गीझर लावा. पाच-दहा मिनिटांत अ‍ॅपवर वापर दीड-दोन किलोवॉटने चढला, तरच पैसे हातात द्या.